बांधावरचा दगड, नदीतला गोटा, खाणीतला डबर : कोरायला कुठला घ्यावा?

आधी निकाल सांगून टाकते, कारणं मागाहून. छिन्नी-हातोडा घेऊन घरच्या घरी दगड कोरायचा असेल आणि तुम्ही आमच्यासारखे काळ्या कातळाच्या मुलखात राहत असाल, तर शेताच्या बांधावर रचलेल्या राशीतून दगड घ्या. अर्थात शेतकऱ्याला विचारून. नदीतला गोटा दिसायला देखणा, पण कामाला हट्टी. खाणीतला डबर सगळ्यात शेवटी, आणि तोही पाहून-पारखून. पाथरवटाच्या अड्ड्यावर जरूर जा, फक्त तिथून दगड आणण्यापेक्षा दुसरं काही आणण्यासारखं असतं. त्याबद्दल पुढे.

मी कराडची. शाळेत चित्रकला शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठोकत बसते. शेजारच्या काकूंची दुपारची झोप हा माझ्या कलासाधनेवरचा सगळ्यात मोठा निर्बंध. पेपरवेटपासून गुडघ्याएवढ्या उंचीच्या कामापर्यंत माझी मजल आहे, त्यापुढे नाही. त्यामुळे हे सगळं हौशी माणसांसाठी. ज्यांच्याकडे क्रेन आहे त्यांनी वाचलं नाही तरी चालेल.

आपल्याकडचा दगड म्हणजे बेसाल्ट. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले आणि थिजले. त्यातला उरलेला भाग आजही जवळपास पाच लाख चौरस किलोमीटर व्यापून आहे. अजिंठा, वेरूळ, घारापुरी, कार्ले हे सगळं याच कातळातलं. त्यामुळे नवीन माणसाला वाटतं की बेसाल्ट म्हणजे कोरण्यासाठीच जन्माला आलेला दगड. तसं नाही हो. हा कठीण तर आहेच, वर चिवट आहे. बारीक कण एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे संगमरवरासारखे तुकडे छान निघत नाहीत. अर्धा तास ठोकल्यावर हातात मूठभर पीठ येतं आणि दगड होता तसाच आपल्याकडे बघत असतो. शिवाय 'बेसाल्ट' या एका नावाखाली अगदी वेगवेगळा माल मिळतो. लाव्हाच्या थराचा मधला भाग घट्ट, काळाभोर, एकजीव. वरचा भाग बुडबुड्यांचा. त्या बुडबुड्यांत पुढे पाणी झिरपून झिओलाइट, कॅल्साइट, गारगोटी असलं काहीबाही भरलं. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात हे स्फटिक काचेच्या कपाटात ठेवलेत आणि बघताना डोळ्यांचं पारणं फिटतं. कोरताना मात्र तेच डोक्याला ताप. नाकाचा शेंडा आणायचा आणि नेमका तिथे पांढरा वाटाण्याएवढा खडा निघून खड्डा पडतो.

दगड उचलायला गेल्यावर पहिलं बघायचं ते हेच, की घट्ट आहे की फोडांचा.

नदीपासून सुरू करते, कारण प्रत्येक जण तिथूनच सुरू करतो. कराडला कृष्णा-कोयनेचा संगम, उन्हाळ्यात पाणी उतरलं की गोटेच गोटे. गोट्याची एक बाजू निर्विवाद चांगली असते. नदीनं त्याची परीक्षा आधीच घेतलेली असते. जे कच्चं होतं, भेगाळलेलं होतं, ते वाहताना आपटून कधीच फुटून गेलं. उरलेला गोटा बहुधा पक्का निघतो. पण हाच पक्केपणा आपल्या मुळावर येतो. गोट्याला कुठे कड नाही, कोपरा नाही. टाकी लावायची कुठे? ती घसरते. गोलाईवर सपाट जागा करण्यातच पहिला सगळा उत्साह संपतो. आणि गोटा हलतो. वाळूच्या पोत्यावर बसवा, जुन्या टायरमध्ये बसवा, चार घाव पडले की तो आपला तोंड फिरवून बसतो.

गोट्यांच्या नादात मोठे मोठे लोक पडलेत, हे खरं. इंग्लंडमध्ये हेन्री मूर आणि बार्बरा हेपवर्थ ही शिल्पकार मंडळी १९३०-३१ च्या सुमारास नॉरफोकच्या किनाऱ्यावर हॅपिसबर्ग गावी सुट्टीला जायची. तिथल्या किनाऱ्यावर मिळणारे लोहयुक्त दगडाचे गोटे त्यांनी गोळा केले आणि त्यातून छोटी शिल्पं कोरली. ते वाचून मीही कृष्णेकाठी हिंडायचे. मात्र तो दगड वेगळा, आपला वेगळा. गोट्याचा आकार फारसा न मोडता एखादी खोलगट रेघ, एखादं भोक, एवढ्यावर थांबणार असाल तर नदीतला गोटा घ्या. चेहरा, पक्षी, हत्ती असलं काही मनात असेल तर नको.

आणि कायद्याचं. नदीपात्र सरकारी. दगड गौण खनिजात मोडतो. विनापरवाना उत्खनन आणि वाहतूक केली तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ (७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. पिशवीतून एक गोटा नेणाऱ्या बाईच्या मागे तलाठी धावत येणार नाही, हे मलाही कळतं. पण गाडी लावून पात्रातून भरायला लागलात तर तहसीलदार कचेरीचा रस्ता दिसेल, आणि तो दिसायलाच हवा. नद्यांची जी दशा झाली आहे ती काही शिल्पकारांनी केलेली नाही, तरी आपण त्यात भर कशाला घाला. जंगलाचा प्रश्नच नाही. भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे वनातला दगडही वनउपज धरला जातो. आमच्या पश्चिमेला कोयना अभयारण्य, सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. तिकडे फिरायला जा, खिसे रिकामे ठेवून या. गडकिल्ल्यांवरचा ढासळलेला चिरा 'पडलेलाच तर आहे' म्हणून उचलणाऱ्यांबद्दल मी इथे काही लिहीत नाही, भाषा बिघडेल.

आता खाण. डोंगर फोडून खडी करणाऱ्या क्रशरवर मी गेले आहे, नाव घेत नाही. वागणूक चांगली, चहा मिळाला, 'मॅडम, कुठला पाहिजे तो घ्या' म्हणून अख्खा ढीग दाखवला. ढिगात रंगही सुंदर. ताजा फुटलेला बेसाल्ट निळसर काळा दिसतो, कडा धारदार, कुठेही साल नाही. किंमत तर जवळजवळ नाहीच. डबर ब्रासवर विकला जातो, एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. आपल्याला लागणारे दोन-चार धोंडे त्यांच्या हिशेबात बसतच नाहीत, ते असेच देतात. सगळं छान. अडचण एवढीच की हा दगड सुरुंगानं उडवलेला असतो. स्फोटाचा हादरा दगडाच्या आत केसासारख्या बारीक भेगा सोडून जातो. बाहेरून काही दिसत नाही. आठवडाभर काम करून खांदा-मान उतरवावी, आणि एका साध्या घावाला अर्धं डोकं सरळ रेषेत निघून हातात यावं, असा हा माल. रस्त्यासाठी ठीक, कोरायला नाही. खाणीत कुठे पहारीनं आणि पाचरा मारून सुटा केलेला दगड मिळत असेल तर गोष्ट वेगळी, तो आनंदानं घ्या. पण क्रशरवर तसा वेळ कोणाला आहे?

राहिला बांध.

नदीकाठच्या काळ्या रानात दगड नसतो, तिथे जाऊ नका. मुरमाड, माळाची जमीन बघा, डोंगराच्या पायथ्याची. आमच्याकडे सदाशिवगडाच्या पायथ्याला किंवा आगाशिवच्या उतरणीला अशी रानं आहेत. शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या रानातले दगड वेचून बांधावर टाकत आलेत. उन्हाळी नांगरट झाली की ट्रॅक्टरच्या फाळाला लागून नवीन दगड वर येतात, तेही तिथेच पडतात. म्हणजे चैत्र-वैशाखात गेलात तर नवा माल असतो. पहिला वळीव पडून गेल्यावर गेलात तर आणखी चांगलं, माती धुऊन निघालेली असते आणि दगडाचा चेहरा दिसतो.

विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा ते काका बैलाला पाणी पाजत होते.

"काका, बांधावरचा एखादा दगड नेऊ का?"

"कशाला ओ बाई?"

"मूर्ती करते. शिकत्येय."

त्यांनी बांधाकडे बघितलं, माझ्या स्कूटरकडे बघितलं. "एकच कशाला? समदा बांध न्या की. वर चा पाजतो."

अशी माणसं. नंतर मात्र त्यांनी एक गोष्ट नीट दाखवली, आणि ती तुम्हालाही सांगते. बांधाच्या टोकाचा उभा दगड हलवायचा नाही, तो हद्दीचा. शेंदूर लावलेला तर नाहीच नाही, मग तो कितीही फिकट झालेला असो. आणि पालथा पडलेला सपाट दगड दिसला तर पहिल्यांदा उलटा करून बघायचा. आपल्याकडे वीरगळ, सतीशिळा शेतात, बांधाला, विहिरीच्या काठाला अशाच पडलेल्या असतात. खाली चौकटी, लढणारी माणसं, वर चंद्र-सूर्य असं काही झिजलेलं दिसलं की हात जोडायचे, फोटो काढायचा आणि गावातल्या जाणत्या माणसाला किंवा पुरातत्त्व खात्याला कळवायचं. त्यावर आपल्याआधी कोणीतरी काम करून गेलेलं असतं.

आता निवड. उघड्यावर पडलेला बेसाल्ट कांद्यासारखा सोलत जातो. भेगांमधून पाणी शिरतं, कोपरे आधी कुजतात, पापुद्र्यावर पापुद्रे सुटतात आणि आत एक गोलसर ताजा गाभा उरतो. आपल्याला हवा असतो तो गाभा. बाहेरची साल तपकिरी, कधी गंजासारखी. एखाद्या कोपऱ्याला हातोडीनं टवका काढायचा आणि कडेनं बघायचं. साल दोन-चार मिलिमीटर असेल आणि तिच्याखाली लगेच काळा घट्ट दगड लागत असेल तर तो ठेवायचा. बोटभर आत गेल्यावरही तपकिरीच आणि नखानं भुकटी निघतेय, तर तो मुरूम होण्याच्या वाटेवर आहे. त्याला त्याच्या वाटेनं जाऊ द्या.

मग आवाज. दगड जमिनीत रुतलेला असताना वाजवून काही कळत नाही, चांगला दगडसुद्धा बद्द वाजतो. तो पहारीनं सुटा करायचा, खाली दोन छोटे दगड देऊन अधांतरी ठेवायचा आणि लहान हातोडीनं चहूबाजूंनी टकटक करायची. एकसंध दगड खणखणतो. भेग असेल तर आवाज मध्येच मरतो. एका बाजूला खणखण आणि दुसऱ्या बाजूला फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज आला तर भेग त्या दोघांच्या मध्ये कुठेतरी आहे, खडूनं खूण करून ठेवा.

यानंतर पाणी, आणि हीच परीक्षा मला सगळ्यात भरवशाची वाटते. बाटलीभर पाणी दगडावर ओतायचं आणि उन्हात थांबायचं. घाई करायची नाही, गप्पा मारा, शेंगा खा. पृष्ठभाग वाळत येतो तसा दगड पुन्हा राखाडी होतो. पण जिथे भेग आहे तिथे पाणी आत मुरलेलं असतं, म्हणून ती रेघ काळी, ओली, पेन्सिलीनं ओढल्यासारखी उरते. सगळा दगड वाळला आणि एकच रेघ ओली राहिली की कितीही आवडलेला असला तरी तो सोडायचा. किंवा त्या रेघेवरच दोन तुकडे करायचे, ते तर तो स्वतः करणारच आहे.

वजनाचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. बेसाल्ट पाण्याच्या जवळपास तिप्पट जड. एक घनफूट म्हणजे ऐंशी किलोच्या वर. वीतभर लांब, वीतभर रुंद, वीतभर उंच ठोकळा तीस-पस्तीस किलो भरतो. बघताना वाटतं, 'एवढासा तर आहे'. स्कूटरच्या पायाशी पोत्यात गुंडाळून ठेवायला त्याच्या निम्मा पुरे. त्याहून मोठा हवा असेल तर एकट्यानं उचलू नका, पाठ काही दुकानात मिळत नाही. मोठे दगड एकदम निवडून ठेवायचे, खुणा करायच्या आणि गावातला छोटा हत्ती, म्हणजे छोटा टेम्पो, सांगायचा. माझ्याकडून शेवटच्या खेपेला आठशे रुपये घेतले, चढवायला दोन गडी धरून. दगड फुकट, भाडं आठशे, आणि काकांच्या घरी शाळेतल्या पोरांसाठी आणलेल्या रंगपेट्यांतली एक दिली, त्यांच्या नातीला. एवढ्यात वर्षाचं काम झालं.

हा माल घरी आल्यावर कसा वागला? बऱ्यापैकी चांगला. बांधावरच्या दगडाला नैसर्गिक सपाट बाजू असते, तो बसतो. कडा असतात, म्हणजे टाकीला सुरुवात मिळते. आणि त्याची ती तपकिरी साल! ती काढून टाकायची घाई करू नका. इसामु नोगुची हा जपानी-अमेरिकन शिल्पकार. जपानमधल्या शिकोकू बेटावरच्या मुरे गावी त्यानं कामाची जागा थाटली होती, आणि तिथे केलेल्या बेसाल्टच्या शिल्पांत त्यानं अनेकदा दगडाची गंजकी साल तशीच ठेवली आहे. शेजारी टाकीचा खडबडीत राखाडी भाग, त्याच्या शेजारी आरशासारखा काळा भाग. एकाच दगडात तीन रंग, रंगाचा डबा न उघडता. आपल्या बांधावरच्या दगडात हे सगळं आयतं आहे. टाकी मारलेला बेसाल्ट फिकट राखाडी दिसतो, कारण वरचे कण चिरडलेले असतात. पाणी घालून डायमंड पॅडनं घासत गेलात, ५०, १०० पासून ४००, ८००, १५००, ३००० पर्यंत, की तोच दगड काळाशार होत जातो. ४०० च्या पुढे गेल्यावर पहिल्यांदा खिडकी त्यात दिसते, तेव्हा हात थांबवून बघावंसं वाटतं.

एक दोष मात्र सांगायलाच हवा आणि तो बेसाल्टचा आहे, बांधाचा नाही. टोकदार टाकी दगडावर सरळ, काटकोनात मारली की घावाच्या खाली दगड आत चिरडतो. वरून बारीक खड्डा दिसतो, पण पांढुरका डाग काही मिलिमीटर खोल गेलेला असतो. तेव्हा कळत नाही, घासून चकाकी आल्यावर गालावर देवीचे वण यावेत तसे ठिपके उमटतात आणि मग ते जाईपर्यंत सगळा गाल खाली घासावा लागतो. म्हणून शेवटच्या पृष्ठभागाच्या जवळ आलात की टाकी तिरकी धरा, घाव हलका करा, किंवा सरळ दातेरी तोंडाच्या हातोड्यावर नाहीतर ग्राइंडरवर या.

पाथरवटाचा अड्डा. रस्त्याच्या कडेला पाटे-वरवंटे, जाती, खलबत्ते, तुळशी वृंदावनं मांडून बसलेली कुटुंबं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्याकडे चांगला दगड असतो, पण तो त्यांच्या कामाचा असतो, पाट्याच्या मापाचा. आपल्याला हवा तसा आडमाप दगड ते ठेवत नाहीत, आणि मागितला तर भाव पाट्याचा लावतात, बरोबरच आहे त्यांचं. मी तिथून दगड घेत नाही, टाक्या घेते. ऑनलाइन मागवलेला कार्बाइड टोकाच्या छिन्न्यांचा संचही माझ्याकडे आहे. बेसाल्टवर कार्बाइडची धार टिकते यात वाद नाही. पण त्या टोकाचा तुकडा पितळी डाखेनं चिकटवलेला असतो. माझ्या संचातल्या एकीचं टोक उचकटून निघालं आणि मग ती छिन्नी पडद्याचा गज म्हणूनच कामाची. विक्रेत्यानं बदलून दिली नाही. पाथरवटाकडची पोलादी टाकी लवकर बोथट होते, अगदी तासाभरातही, पण ती पुन्हा शेवटून, म्हणजे भट्टीत तापवून टोक काढून, घेता येते, कितीही वेळा.

ते शेवटणं बघण्यासारखं असतं. भट्टीत टोक लाल होऊ देतात, ऐरणीवर चार ठोके मारून पुन्हा अणकुचीदार करतात, मग फक्त टोक पाण्यात बुडवतात. बुडवलेलं टोक चटकन एका दगडावर घासून चकचकीत करायचं आणि बघत राहायचं. मागच्या बाजूची धग पुढे सरकत येते आणि टोकावर रंग चढायला लागतो. वाळल्या गवतासारखा पिवळा आला की लगेच पूर्ण पाण्यात. तो क्षण चुकून निळा चढला तर टाकी मऊ, आणि रंग यायच्या आतच बुडवली तर पहिल्याच घावाला टोक तुटतं. तिथल्या मावशींचा हात बोलत असतानाही चुकत नाही. मला म्हणाल्या, "मॅडम, हातोडा जोरानं मारू नका, त्यो पडू द्या." दोन महिन्यांच्या मनगटदुखीवर हे औषध निघालं. टाकीला पाणी देण्याचे त्या नगाला वीस रुपये घेतात. मला विचाराल तर या सगळ्या उद्योगातली ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगली सेवा.

धुळीबद्दल थोडं, कारण याकडे कोणी लक्ष देत नाही. ग्रॅनाइट आणि वाळूखडकात सिलिका भरपूर असते, तिची बारीक धूळ फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. बेसाल्टमध्ये मोकळी गारगोटी कमी, पण फोडांच्या दगडात ती भरलेली असू शकते, म्हणून 'आपला दगड सुरक्षित' असं समजू नका. एन-९५ मास्क लावा, रुमाल नको. ग्राइंडर पाण्याशिवाय चालवू नका, आणि पाणी असलेल्या जागी विजेचं नीट बघा. चष्मा तर घालाच, बेसाल्टची कपची काचेसारखी उडते.

ज्यांना हे सगळं वाचून धाप लागली त्यांच्यासाठी मऊ दगड आहेत. संगजिरे, म्हणजे सोपस्टोन, नखानं ओरखडतं, शाळेतल्या मुलांनाही कानस-करवतीनं कोरता येतं. राजस्थानात डुंगरपूरचा पारेवा दगड मूर्तींसाठी प्रसिद्ध आहे. तो उघड्यावरून उचलायचा विषय नाही, विकतच घ्यावा लागेल. त्याचीही धूळ नको, संगजिऱ्याच्या काही दगडांत अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असू शकतात. कोकणातल्या वाचकांनी जांभ्याचा मोह धरू नये. चिरेखाणीतून ताजा काढलेला जांभा मऊ असतो, हवा लागली की कडक होतो, इथवर उत्तम. पण तो सच्छिद्र. त्यात डोळ्याची पापणी येत नाही. कोकणच्या सड्यांवरची कातळशिल्पं बघा, २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. हत्ती, मासे, माणसं, सगळं उथळ रेघांत आणि भलंमोठं काढलेलं आहे. जांभ्याशी जमवून घ्यायचं तर असंच. विदर्भातल्यांचं मात्र बरं आहे, त्यांच्याकडे कामठीच्या बाजूला वाळूखडक आहे आणि तो टाकीखाली बेसाल्टपेक्षा कितीतरी सरळ वागतो. मास्क दुप्पट इमानानं लावा, एवढंच.

पुन्हा मालाकडे वळते. बांधावरच्या दगडाला मी पाचपैकी चार देईन. एक गुण कापला तो फोडांसाठी, कारण पाणी ओता, वाजवा, टवका काढा, तरी आत एखादा पांढरा खडा लपलेला निघू शकतोच. नदीच्या गोट्याला दोन, तेही आकारासाठी. क्रशरच्या डबराला एक, चहाचा. पाथरवटाच्या टाक्यांना पाच. कोणाला कराडच्या आसपास यायचं असेल तर वळीव पडून गेल्यावर, पेरणीच्या आधी या. पेरणी झाल्यावर कोणी तुम्हाला रानात पाय ठेवू देणार नाही. पहार मात्र स्वतःची आणा, शेतकऱ्याची मागितली तर तो दगड स्वतःच उचलून देतो आणि मग नाही म्हणणं जड जातं.